इफ्तारच्या ओट्यापाशी मुलांनाही जागा हवी

रमजान म्हटला की शहरातल्या बहुतेकांच्या डोळ्यांपुढे बाजार उभा राहतो. मुंबईचा मोहम्मद अली रोड, पुण्याचा मोमिनपुरा, नाहीतर आपल्याच गावातली मशिदीजवळची ती दिव्यांनी उजळलेली गल्ली. मालपुवा, कबाब, फिरनी. वर्तमानपत्रांत छायाचित्रे छापली जातात तीही तिथलीच. प्रत्यक्षात रमजानचे बहुतेक जेवण घराघरांतल्या ओट्यावर शिजते. २९ किंवा ३० दिवस, रोज दोन वेळा. पहाटे सहरीला आणि सूर्य मावळताना इफ्तारला.

हा स्वयंपाक कोण करते, हे सर्वांना ठाऊक आहे. तो होत असताना घरातली मुले कुठे असतात, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही.

दुपारनंतरची असरची नमाज झाली की साधारण दीड-दोन तासांनी मगरिबची अजान होते. त्या दीड-दोन तासांत मुस्लिम घरातले चित्र थोड्याफार फरकाने सारखेच असते. आई ओट्यापाशी. तिचाही रोजा. एका शेगडीवर हरभरे, दुसरीवर भज्यांची कढई, बाजूला चिरायची फळे. वडील दुकानात, कामावर किंवा आडवे झालेले. मुलगी असेल तर ती कांदा चिरते आहे. मुलगा असेल तर तो मैदानात आहे किंवा मोबाइलवर. अजानला पाच मिनिटे उरली की सगळे हात धुऊन दस्तरख्वानावर बसतात. ताटे समोर येतात. खजूर तोंडात पडतो. आई मात्र शेवटचा घाणा काढून मग येते, आणि तिच्या वाटची भजी तोवर निवलेली असतात.

ही मुले मोठी झाल्यावर त्यांना रमजान कसा आठवेल? समोर आलेले ताट आठवेल, की ते ताट आपण भरले होते हे आठवेल? या दोन आठवणींत मोठे अंतर आहे. समोर आलेल्या ताटाची आठवण चवीपुरती टिकते. हाताने केलेल्या गोष्टीची आठवण हाताला राहते आणि पुढच्या पिढीच्या हाती देता येते. म्हणून या महिन्यात मुलांना स्वयंपाकघरात बोलवायला हवे. मुलींना आणि मुलग्यांनाही, आणि त्यांच्या वडिलांनाही.

चव बघणारा कोण?

रमजानच्या स्वयंपाकघरात मुलांसाठी एक काम फार पूर्वीपासून राखून ठेवलेले आहे. चव बघण्याचे. रोजेदार बाईला मीठ-तिखट बघायचे असेल तर अडचण. गरज पडल्यास जिभेच्या टोकाने चव घेऊन थुंकून टाकायला फिकहच्या ग्रंथांत मुभा आहे. तरीही बहुतेक बायका ते टाळतात आणि अंदाजाने मीठ घालतात. मग हाक जाते ती घरातल्या रोजा नसलेल्या लहानग्याला. तो येतो, तळहातावर पडलेला हरभऱ्याचा रस्सा चाटतो आणि मोठ्या गंभीरपणे सांगतो, ‘‘अम्मी, नमक कम है.’’

सहा वर्षांच्या मुलाचे मत साऱ्या घराने मानावे, असे प्रसंग वर्षात किती येतात? त्या दिवशी त्या घराचे जेवण त्याच्या जिभेवर अवलंबून असते. त्याला ते कळतेही. वयात येईपर्यंत मुलांवर रोजा बंधनकारक नाही. हौसेने ती अर्ध्या दिवसाचा ‘चिड़िया रोजा’ धरतात आणि दुपारी जेवून मोकळी होतात. थोडी मोठी झाली की पहिला पूर्ण रोजा होतो. अनेक घरांत त्याची रोजाकुशाई होते, हार घातला जातो, नातेवाईक जमतात. त्या दिवसापासून चव बघण्याचे काम धाकट्या भावंडाकडे जाते. घरात कोण मोठे झाले याची नोंद अशी ओट्यापाशी होत असते.

उपाशी मुलांना रमवण्याचा प्रश्न नवा नाही. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत मदिनेतल्या बायकांची एक आठवण आहे. आशुराच्या रोजाच्या दिवशी त्या लहान मुलांनाही रोजा ठेवायला लावत. मूल भुकेने रडू लागले की त्याच्या हाती लोकरीचे खेळणे देत, आणि इफ्तारची वेळ होईपर्यंत त्याला रमवत. आज त्या खेळण्याची जागा मोबाइलने घेतली आहे. मूल गप्प बसते हे खरे, पण ते घरातून निघून गेल्यासारखेच असते. त्याच मुलाच्या हाती खजूर आणि बदाम दिले, बी काढून आत बदाम भरायला सांगितले, तर अर्धा तास कसा गेला हे त्याला कळत नाही. इफ्तारला तोच खजूर आजोबांच्या हाती देताना त्याची मान ताठ होते.

मुलगी चिरते, मुलगा खेळतो

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. मुलांना स्वयंपाकघरात आणा असे म्हटले की अनेक घरांत त्याचा अर्थ मुलींना आणा, असाच घेतला जातो. मुलींना वेगळे बोलवावे लागत नाही. त्या तिथेच असतात. नव्या सवयीची गरज मुलग्यांना आहे.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळ-वापर सर्वेक्षण केले. सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१.२ टक्के रोज घरचे बिनमोबदला काम करत होत्या. पुरुषांमध्ये हे प्रमाण २६.१ टक्के निघाले. काम करणाऱ्यांतही स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, पुरुष ९७ मिनिटे. हे आकडे कोणत्याही एका धर्माचे नाहीत. दिवाळीच्या फराळाचा घाट घालणारी काकू आणि इफ्तारची भजी तळणारी खाला या बाबतीत एकाच रांगेत उभ्या आहेत. फरक इतकाच की खाला त्या वेळी बारा-तेरा तासांची उपाशी आणि तहानलेली असते.

रमजान हा इबादतीचा महिना. कुरआनचे पठण, रात्रीची तरावीह, शेवटच्या दहा रात्रींचे जागरण. पुरुष मशिदीत जातात. बाई मात्र इफ्तारची भांडी घासते, रात्रीचे जेवण वाढते, सहरीची कणीक मळून ठेवते आणि घरात सर्वांत आधी उठते. ज्या महिन्याचा सर्वाधिक सवाब सांगितला जातो, त्या महिन्यात तिला पठणाला बसायला वेळ मिळत नाही. बायका रोजेदारांना खाऊ घालतात, त्याचेच त्यांना पुण्य, असे सांगून हा प्रश्न मिटवला जातो. पुण्य आहेच. पण ते इतके मोठे असेल तर घरातल्या पुरुषांनी ते असे सगळेच्या सगळे बायकांसाठी का सोडून द्यावे?

धर्माचा आधार हवा असेल तर तोही दूर नाही. पैगंबर घरी काय करत असत, असे हजरत आयशा यांना विचारले गेले. घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात, अशा आशयाचे त्यांचे उत्तर सहीह बुखारीत नोंदलेले आहे. स्वतःचे कपडे शिवणे, पादत्राणे दुरुस्त करणे, शेळीचे दूध काढणे ही कामे ते स्वतः करत, असे इतर रिवायतींत येते. सुन्नत म्हणून खजुराने रोजा सोडण्याची काळजी घेणाऱ्या घरांनी ही सुन्नतही ध्यानात ठेवायला काय हरकत आहे?

म्हणूनच मुलांसोबत स्वयंपाक या कल्पनेत एक धोकाही आहे. वडील बाजूला राहिले आणि मुलांना शिकवण्याचे कामही आईच्याच गळ्यात पडले, तर तिचा भार वाढतो. सांडलेले बेसन पुसायचे तिनेच, रुसलेल्याची समजूत काढायची तिनेच. मूल पाहून शिकते. बाप ओट्यापाशी उभा राहून फळे चिरत असेल, तर मुलाला वेगळे सांगावे लागत नाही. बाप गादीवरून ‘‘जा, अम्मीला मदत कर’’ म्हणत असेल, तर मुलगा त्यातून एकच गोष्ट शिकतो. मोठे झाले की गादीवर बसायचे.

तेहतीस वर्षांची चव

रमजानच्या स्वयंपाकाबाबत घाई करण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते कॅलेंडरात दडलेले आहे. हिजरी वर्ष पूर्णपणे चांद्र असते, ३५४ किंवा ३५५ दिवसांचे. हिंदू पंचांगात अधिक मास धरला जातो, म्हणून दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबर सोडून जात नाही. हिजरी कालगणनेत अधिक मास नाही. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, आणि सर्व ऋतूंतून फिरून पुन्हा त्याच ऋतूत यायला त्याला सुमारे तेहतीस वर्षे लागतात.

याचा स्वयंपाकाशी थेट संबंध आहे. २०१८ आणि २०१९ मध्ये रमजान ऐन मे-जूनमध्ये आला होता. तेव्हा दस्तरख्वानावर कलिंगड, खरबूज, कैरीचे पन्हे, भिजवलेला सब्जा घातलेले सरबत असे. आता रमजान थंडीकडे निघाला आहे. २०३० या एकाच वर्षात तर तो दोनदा येईल, एकदा जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस. थंडीतल्या रमजानचे जेवण वेगळे. तेव्हा बाजारात गाजर, हिरवा वाटाणा, ओला हरभरा असतो. गार सरबताचा पेला कोणी हाती धरत नाही. सहरीला पायाचा गरम रस्सा किंवा गरम खिचडी लागते.

याआधी रमजान डिसेंबर-जानेवारीत आला होता तो १९९० च्या दशकाच्या अखेरीस. तेव्हा पंचविशीत असलेली सून आज पन्नाशी ओलांडून गेली आहे. तिला ते जेवण शिकवणारी सासू तेव्हा पंचावन्नची असेल, तर आज ती ऐंशीच्या पुढे आहे. थंडीतल्या सहरीचे जेवण ज्यांच्या हातून शिकायचे, त्या बायका आता थकल्या आहेत. आज सात वर्षांचे असलेले मूल चाळिशीत पोहोचेल तेव्हा रमजान फिरून या ऋतूत येईल. आता दादीच्या शेजारी बसून त्याने पाहिले नाही, तर तेव्हा शिकवायला कोण असेल?

दिवाळीची चकली यंदा बिघडली तर पुढच्या वर्षी त्याच दिवसांत पुन्हा करता येते. रमजान ऋतूला इतकी लवकर दुसरी संधी देत नाही.

‘अंदाज से’ आणि एक वही

दादी-नानीला कृती विचारली की उत्तर ठरलेले. ‘‘अंदाज से.’’ मीठ अंदाजाने, दूध अंदाजाने, आच अंदाजाने. हा अंदाज पन्नास वर्षांच्या हाताचा असतो आणि तो सांगून येत नाही. शेजारी उभे राहूनच तो कळतो.

मराठी घरांत कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० मध्ये मोठे काम केले. वाटी आणि चमच्याच्या मापात कृती लिहिल्या, आणि आईपासून दूर राहणाऱ्या मुलींना त्या पुस्तकाचा आधार झाला. मुस्लिम घरांतले बरेचसे जेवण अजून तोंडीच चालत आले आहे. शिवाय ते एकसारखेही नाही. मराठवाड्यातल्या घरात सहरीला खिचडी-खट्टा होतो, औरंगाबादची ओळख नान-खलिया, कोकणातल्या मुस्लिम घरात तांदळाची सांदणे. कृती सांगितली जाते तीही प्रत्येक भागात वेगळ्या बोलीत, कुठे दखनीत, कुठे कोकणी मुस्लिमांच्या बोलीत.

म्हणून मुलांसाठी एक सोपे आणि मोलाचे काम आहे. दादी करत असताना लिहून घेणे. तिची मूठ मापून बघणे. ती मूठभर डाळ घेईल तेव्हा ती वाटीत ओतायला लावायची आणि लिहायचे. मूल मराठी शाळेत जात असेल तर ते देवनागरीत लिहील, उर्दू शाळेत जात असेल तर उर्दूत. दादी दखनीत बोलेल. तिचा ‘बघार’ मूल ‘फोडणी’ म्हणून लिहील, मग दोघांत वाद होईल, आणि त्या वादात मुलाला दोन्ही शब्द मिळतील. दखनीतल्या ‘मैंच’, ‘यहींच’ मधला ‘च’ मराठीतून आला, असे भाषेचे अभ्यासक मानतात. हलवा, सरबत, समोसा हे शब्द अरबी-फारसीकडून मराठीत आले. इफ्तारच्या एका ताटात भजी आणि दहीवडा इथले, समोसा आणि सरबत तिकडचे, आणि खाणाऱ्याला त्यातले काहीच परके वाटत नाही. हे मुलाला धड्यातून सांगता येईल. पण कढईपाशी ते जितके सहज कळते, तितके धड्यातून कळत नाही.

झाकलेले ताट

मिश्र वस्तीच्या गावांत रमजानचे आणखी एक काम मुलांचेच आहे. वानोळा पोहोचवण्याचे. इफ्तारच्या आधी एक ताट मशिदीत जाते, एक शेजारी. त्यावर क्रोशाचा रुमाल. ‘‘सांभाळून जा, सांडू नको, आणि काकूंना सलाम सांग.’’ मूल दोन्ही हातांनी ताट धरून जिना उतरते. परत येताना रिकामे ताट आणायचे नसते, हा नियम दोन्ही घरांना ठाऊक असतो. साखर, दोन केळी, काही ना काही येतेच. दिवाळीत तीच वाट उलट चालू लागते, चकली-करंजीचे ताट घेऊन.

शाकाहारी शेजाऱ्यांचा विचारही यात असतो. त्यांच्या ताटात फक्त फळे, खजूर, भजी, आणि तीही वेगळ्या तेलातली. काही घरांतून ईदला शिजवलेल्या शीरखुर्म्याऐवजी कोरड्या शेवया, सुकामेवा आणि साखर पाठवण्याची पद्धत होती. त्यांनी आपल्या भांड्यात, आपल्या हाताने करून खावे म्हणून. कुणाला काय चालते आणि काय नाही, याची नोंद त्या घरातल्या मुलाला लहानपणीच होई. सलोख्याच्या भाषणांत हे शिकवले जात नाही.

ताट घेऊन जाणाऱ्या मुलाने आतले भजे स्वतः केले असेल, तर ते दारात उभे राहून हमखास सांगते, ‘‘ये मैंने बनाया.’’ काकू ते त्याच्यासमोरच खाऊन बघतात. पुढे ही मुले मोठी होतात, गावाचे वातावरण कधी गढूळ होते, मोबाइलवर नको ते निरोप फिरू लागतात. अशा वेळी शेजारचे दार माहीत असलेला माणूस आणि कधीच न ठोठावलेला माणूस, दोघे सारखे वागत नाहीत. ताट नेणारी मुले आता कमी झाली आहेत. इमारतींना लिफ्ट आली, इफ्तारी बाहेरून येऊ लागली, आणि निरोप फोनवरच जातो. ही सवय जपायची असेल तर मुलाच्या हाती ताट द्यावे लागेल. शक्य तर त्यानेच केलेल्या पदार्थाचे.

अडचणी खऱ्या आहेत

यावर घराघरांतून येणारे आक्षेप खोटे नाहीत. अलीकडच्या वर्षांत रमजान परीक्षांच्या दिवसांत येतो आहे. दहावीच्या मुलाला समोसे भरायला बसवा, असे कोणी म्हणणार नाही. स्वयंपाकघर आठ बाय सहाचे असते, तिथे दोन माणसे वळली की एकमेकांना लागतात. अजानच्या आधीचा अर्धा तास तर फार नाजूक. सगळ्यांची साखर उतरलेली, तेल तापलेले, आवाज चढलेले. त्या वेळी मुलांनी कढईपासून लांब राहावे हेच बरे.

पण रमजानचा स्वयंपाक त्या अर्ध्या तासापुरता नसतो. अनेक घरांत समोसे शाबान महिन्यातच भरून फ्रीजरमध्ये ठेवतात. असे काम रविवारी दुपारी, जमिनीवर वर्तमानपत्र पसरून, सगळ्यांनी मिळून करता येते. पाच वर्षांच्या मुलाला सब्जा भिजवता येतो, खजुरातली बी काढता येते, दस्तरख्वान अंथरता येतो. आठ वर्षांच्या मुलाला केळी कापता येतात, अंडी सोलता येतात, समोशाच्या पट्टीची त्रिकोणी घडी घालता येते. पहिल्या चार घड्या उलगडतील, पाचवी जमेल. बाराव्या वर्षी मोठ्यांच्या नजरेखाली फोडणी देता येते. सोळा वर्षांच्या मुलाने आठवड्यातली एक सहरी पूर्ण आपल्या अंगावर घ्यावी, त्या पहाटे आईने बाकीच्यांबरोबर उठावे.

आणखी एक खरे आहे. प्रत्येक घरात मुलांचा स्वयंपाक ही हौस नसते. यंत्रमागाच्या गावांतल्या, बिडी वळणाऱ्या वस्त्यांतल्या अनेक मुली दहाव्या वर्षीच भाकरी थापतात, कारण आई कामावर असते. त्यांच्या हातातला तवा ही गोड आठवण नव्हे, लादलेले काम आहे. त्यांच्यासाठी स्वयंपाकघरात आणखी बोलावणे म्हणजे थट्टाच. अशा घरात त्यांच्या भावाला ओट्यापाशी बोलवावे आणि त्या मुलीला तासभर अभ्यासाला किंवा खेळायला सोडावे. तिच्या लक्षात राहील असा रमजान तो.

बाजारातून आणू नये, असेही नाही. नोकरी करणाऱ्या बाईने जिलबी विकत आणली तर तिच्या रमजानात काही उणे येत नाही, आणि त्या ठेल्यावाल्याचे वर्षाचे गणितही याच महिन्यावर चालते. महिन्यातले चार दिवस घरात सगळ्यांच्या हाताने काही झाले, तरी पुरेसे आहे. फक्त त्या चार दिवसांत प्रत्येक पायरीचे चित्रीकरण करून टाकण्याचा मोह आवरावा. बेसनाचे हात असलेल्या मुलाला फोन धरता येत नाही, हे चांगलेच आहे.

फित्र्याचे माप

शेवटच्या आठवड्यात मुलांसाठी आणखी एक काम असते, आणि आज ते बहुतेक घरांतून गेले आहे. फित्रा मोजण्याचे. ईदच्या नमाजाआधी घरातल्या प्रत्येक माणसामागे, अगदी तान्ह्या बाळामागेही, गरिबांना धान्य किंवा त्याची किंमत द्यावी लागते. कोणाचीही ईद उपाशी जाऊ नये हा त्यामागचा हेतू. हनफी पद्धतीत माणशी सुमारे पावणेदोन किलो गहू किंवा तितक्याची रक्कम दिली जाते. कोकणातले मुस्लिम बहुसंख्येने शाफई पंथाचे. त्यांच्याकडे रोजच्या खाण्यातले धान्य, म्हणजे तांदूळ, माणशी अडीच-तीन किलो मोजून देण्याची रीत आहे.

आता बहुतेक ठिकाणी मशिदीच्या फलकावर रक्कम लिहिलेली असते आणि वडील ती फोनवरून भरून टाकतात. फित्रा पोहोचतो, यात दोष नाही. पण मुलाला त्यातले काहीच दिसत नाही. एखाद्या वर्षी धान्यच मोजावे. डबा उघडावा, मुलाच्या हाती माप द्यावे, आणि घरातली माणसे मोजायला सांगावीत. दादीचे एक, अब्बांचे एक, अम्मीचे एक, आपले एक, पाळण्यातल्या बहिणीचे एक. आपल्याच डब्यातला गहू, ज्याची पोळी आपण खातो, त्यातून आपल्या नावाचा वाटा वेगळा निघताना मुलाने पाहिला की जकात-फित्र्याचा अर्थ त्याला वेगळा समजवावा लागत नाही. महिनाभर भूक म्हणजे काय ते कळले, आता ती भागवायची कशी तेही त्याच स्वयंपाकघरात कळते.

मग येते चाँदरात. शीरखुर्मा या नावातच कृती आहे. फारसीत शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर. खारीक भिजत घालायची, नरम झाली की बारीक चिरायची. चारोळी भिजवून हातावर चोळायची म्हणजे साल सुटते. बदाम भिजले की चिमटीत दाबायचे, सालातून पांढराशुभ्र बदाम सुटकन निघून समोरच्याच्या अंगावर जातो आणि हशा होतो. शेवया तुपात परतायच्या, पण लाल होऊ द्यायच्या नाहीत. दूध आटवत राहायचे, खाली लागू द्यायचे नाही. यातली निम्मी कामे मुलांच्या हातची आहेत, आणि चाँदरातीला कोणाचाही रोजा नसतो. घाई नसते, चव बघायला बंदी नसते.

यंदाच्या चाँदरातीला घरातल्या पुरुषांनी बाजारातून लवकर यावे. मुलांनी हात धुऊन जमिनीवर गोल बसावे, आणि भिजलेल्या बदामांचे पातेले मध्ये ठेवावे. घरातल्या बाईने तोवर, पाहिजे तर, मेंदी लावून बसावे. मेंदी लागलेल्या हातांनी काही करता येत नाही, फक्त सांगता येते. दुधाला ढवळायचे कधी, शेवया काढायच्या कधी. सांगणारी ती आणि करणारे बाकीचे, अशी एक रात्र घराने पाहिली की ईदच्या सकाळी पहिला वाटा तिला गरम मिळेल.